मुलाखतीत मध्ये बोलू नये

सर्वांनी उभं राहून ऐकावं अशी गंभीर घोषणा: मुलाखतीत प्रश्न विचारला की आपण गप्प बसावं! हा नियम माझाच. सुक्या बोंबलांचा वास आला की मी इतिहास शिकवायचो तो मुरुडचा सातवीचा वर्ग आठवतो. मुलांना गावाचा इतिहास माणसांकडून ऐकून लिहायचा होता म्हणून मी माझ्याच आईला बोलावलं होतं. मासळी विकून ती थेट वर्गात आली. एका मुलीने आईला तिच्या शाळेबद्दल विचारलं. आई म्हणाली, "बायो, मी शाळेत गेलेच न्हाय. मना वाचता येत न्हाय." मी हादरलो. माझं प्रगतिपुस्तक तर ती ओळीवर बोट फिरवत वाचायची आणि मग मला बदडायची! नियम विसरून मी भर वर्गात ओरडलो, "मग माझे मार्क तुला कळायचे कसे?" "आरं, तू मान खाली घालून दारात आलास का मना कळायचा, ह्यो इतिहासात परत नापास!"