माझ्या कॉलेजचे पैसे

फेब्रुवारी लागला की आमच्या मुलुंडच्या घरात बाबांना टॅक्सचा ताप चढायचा. एरवी वर्तमानपत्राची घडीसुद्धा नीट न घालणारा हा माणूस पोस्टातून, बँकेतून माहितीपत्रकं गोळा करून आणायचा आणि जेवताना आमटीबरोबर आम्हाला व्याजदरही ऐकवायचा. मी पाचवीत होते त्या वर्षी तापाला निमित्त होतं माझं शिक्षण.

बाबांचा जीव पीपीएफच्या पंधरा वर्षांच्या खात्यावर. पैसे भरले की टॅक्समध्ये सूट, वर व्याजावरही टॅक्स नाही. टक्कर होती ती काकांची. काका म्हणजे बाबांचे मामेभाऊ. घाटकोपरला राहायचे आणि विम्याच्या पॉलिसी विकायचे. प्रत्येक मराठी घराला असा एक नातेवाईक असतोच, आणि त्याला नाही म्हणायचं म्हणजे पुढच्या सगळ्या बारशांत, मुंजींत तोंड चुकवत फिरायचं. एका रविवारी सकाळी ते आले, पोहे संपवले आणि म्हणाले, "पोरगी एकवीसची झाली की एकरकमी पैसे हातात. लग्नाची चिंताच मिटली. मुलगा असता तर शिक्षणाची पॉलिसी दिली असती."

मला रडूच आलं. मला कॉलेजात जायचं होतं आणि इथे पोह्यांवर माझं लग्न लागत होतं. बाबा मात्र पॉलिसीवर सूट किती मिळते तेच विचारत बसले. भयंकर राग आला त्यांचा.

आई ओट्यापाशी खोबरं खवत होती. मागे न वळता बाबांना म्हणाली, "आज ही दहाची. तुमच्या पीपीएफचे पैसे येतील तेव्हा पंचवीसची. फी काय कॉलेज संपल्यावर भरणार?"

"मधे थोडे काढता येतात गं," बाबा म्हणाले.

"मग तिने कॉलेजही थोडंच करायचं का?"

टॅक्स वाचवायच्या नादात बाबांनी मुलगी वाढते हेच हिशेबात धरलं नव्हतं. शेवटी पोस्टाची सहा वर्षांची सर्टिफिकेटं घ्यायचं ठरलं. सूट त्यातही होती, आणि पैसे माझ्या दहावीच्या सुमारास हातात येणार होते.

काका हिरमुसले. "मग लग्नाचं काय, वहिनी?"

उत्तर बाबांनीच दिलं. जन्मभर टॅक्सच्या नावाने बोटं मोडणारा तो माणूस म्हणाला, "लग्नाचं नंतर बघू रे. आधी हिला एवढं शिकू दे, की हिच्यावर टॅक्स भरायची वेळ आली पाहिजे."

चांगली दहा वर्षांची घोडी झाले होते, तरी मी जाऊन त्यांच्या मांडीवर बसले.