आत्याचे धवले आणि माझा मोबाईल

आमच्या आगरी लग्नात भटजीच्या आधी धवलारीण लागते. मांडव घालण्यापासून हळद उतरेपर्यंत प्रत्येक विधीला तिचं गाणं, म्हणजे धवला. कागद नाही, वही नाही, सगळं तोंडपाठ. बदलापूरजवळच्या आमच्या गावात ही बाई म्हणजे माझी आत्या. मी तिच्या मागे बसून ओळ उचलायचे. एकदा तिला ठसका लागला, तेव्हा हळदीचा अख्खा धवला मी एकटीने निभावला होता. विशीत होते.

पुढे आनंदनगरच्या कारखान्यात पॅकिंगला लागले, उल्हासनगरातून मोबाईल घेतला आणि चुलतबहिणीच्या लग्नात आत्याचं सगळं रेकॉर्ड केलं. केवढी शहाणी मी! आत्या वैतागली. "त्या डबीन नको ठेवू पोरी, पोटान ठेव." मी हसले. त्यानंतरही मागे बसायचे, पण ओठ हलवायचे नाही. आहे ना आपल्याकडे, कशाला घसा कोरडा करा? डोकं रिकामं होत चाललंय हे कळलंसुद्धा नाही मेलं.

आत्या गेली. गेल्या वर्षी अंबरनाथ पूर्वेच्या एका हॉलमध्ये माझ्या एकुलत्या एक मुलीची हळद होती. तिने लहानपणापासून सांगून ठेवलेलं, "आई, माझा धवला तूच गायचास." मी ऐनवेळी चुकायला नको म्हणून मोबाईल स्पीकरला जोडला. आत्याचा आवाज लागला तशा बायका गप्प झाल्या, माझे डोळे भरून आले. आणि धवल्यात नवरीचं नाव आलं. ते घालावंच लागतं. नाव चुलतबहिणीचं, वर्षाच्या आत विधवा झालेलीचं. ती समोरच बसली होती.

"अहो, बंद करा ते आधी!" विहीणबाई ओरडल्या.

बंद केलं. गायला लागले. चार ओळी आल्या, पाचवी येईना. पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं, पुन्हा तिथेच अडकले. कुणीतरी म्हणालं, "नेटवर बघा ना, मिळेल." मुलगी पाटावरून माझ्याकडे बघत होती. मग तिने मान खाली घातली. "राहू दे आई." डीजेवाल्याने लगेच गाणं लावलं. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

आता रोज सकाळी एक ओळ ऐकते, मोबाईल पालथा ठेवते, घोकते. दुपारपर्यंत ओळ गायब. पूर्वी एकदा ऐकलं की बसायचं. आता डोक्याला ठाऊक आहे, ही बाई पुन्हा लावून ऐकणार, मग ते कशाला धरून ठेवतंय?

परवा मुलीला फोनवर सांगितलं, हळदीचा धवला पाठ करतेय म्हणून. ती चिडली नाही, चिडली असती तर बरं झालं असतं.

"आता कुणासाठी, आई?" एवढंच म्हणाली.