सगळ्यांना अहो

कॅनबेराच्या गुंगालिन उपनगरात कुणाच्या घरी काय शिजतंय, हे मला लाइट रेलच्या शेवटच्या स्टॉपवर कळतं. गेल्या जूनमध्ये तिथेच कळलं की शिवरामराव वाघमारे, वय अडुसष्ट, रिटायर्ड पब्लिक सर्व्हंट, फिनिश शिकतायत. तेही पुस्तकातलं नव्हे, गल्लीतलं.

कारण घरगुती होतं. त्यांच्या श्रियाने योनास नावाच्या फिनिश मुलाशी लग्न ठरवलं होतं आणि ऑगस्टमध्ये व्याही हेलसिंकीहून येणार होते. पहिल्या भेटीत मुलीच्या बापाची छाप पडली पाहिजे, म्हणून शिवरामरावांनी लायब्ररीतून पुस्तक आणलं, त्यातलं आदरार्थी 'तुम्ही' शोधून काढलं आणि श्रियाला म्हणून दाखवलं. पोरगी सोफ्यावरून पडायची बाकी राहिली.

"बाबा, असं कुण्णी बोलत नाही! न्यूज वाचताय असं वाटतं. तिकडे सगळे एकमेकांना 'सॅ' म्हणतात. म्हणजे तू."

"व्याह्यांना?"

"हो."

"मास्तरांना?"

"हो."

"सासूला?"

"हो बाबा! समता, यू नो. तुम्हालाच आवडते ना?"

"समता म्हणजे सगळ्यांना अहो," शिवरामराव कडाडले. "सगळ्यांना तू नव्हे!"

मी हे ऐकून हसलो, तेव्हा त्यांच्या बायकोने, शोभावहिनींनी, मला गप्प केलं. लातूरकडच्या त्यांच्या गावात शिवरामरावांचे वडील साठीला आले, तरी पाटलाची शाळकरी पोरं त्यांना 'ए शिरप्या' अशी हाक मारायची. धाकट्या शिवरामाने तेव्हाच ठरवलं, शिकायचं, मोठं व्हायचं आणि कुणाकडून तू म्हणवून घ्यायचं नाही. कॅनबेरात अर्ध्या वयाची बॉस 'शिव, मेट' म्हणायची, तेव्हा तिच्या 'यू'चा अर्थ त्यांनी परस्पर 'आपण' असा लावून घेतला. घरात मुलगी 'अहो बाबा', बायको नुसतीच 'अहो'. ते बायकोला काय म्हणायचे? 'अगं ए.' त्यावर पस्तीस वर्षांत कुणी चर्चा मागितली नव्हती.

तर सराव सुरू झाला. दर रविवारी गॅरेजमध्ये, हीटर लावून. वहिनींनी व्याही व्हायचं.

"मोई! मितास सुल्ले?" वहिनी म्हणायच्या. म्हणजे, काय रे, तुझं कसं काय?

"बास. आलं मला."

"तुम्हाला आलं. मला अजून सवय नाही."

असं म्हणून एका रविवारी वहिनींनी नवऱ्याला अकरा वेळा विचारलं, तुझं कसं काय. बाहेर येताना त्यांच्या गालांवर जी लाली होती, ती हीटरची नव्हती.

ऑगस्टात व्याही आले. पेन्ट्टी त्यांचं नाव. विधुर, हेलसिंकीत जन्मभर ट्राम चालवलेले, दिवसाकाठी दोन वाक्यं बोलणारे. कॅनबेराच्या त्या थंडीत अर्ध्या बाह्यांचा शर्ट. मी जेवायला होतोच. अशी जेवणं मी चुकवत नाही.

दारातच शिवरामरावांनी तोडगा काढला. तू म्हणायचंच आहे ना? मग म्हणू. पण मान सोडणार नाही.

"मोई, पेन्ट्टीराव! मितास सुल्ले?"

पेन्ट्टींनी इंग्रजीत विचारलं, "हे 'राव' काय?"

"आदर. नावापुढे लावायचा."

"कुणाच्या नावापुढे?"

झालं. जयंतीला दरवर्षी भाषण करणारा माणूस तो. "आमच्याकडे?" शिवरामराव छाती फुगवून म्हणाले, "सगळ्यांच्या!"

कमी बोलणारी माणसं ऐकलेलं खरं धरतात. ताटावर बसल्यावर पेन्ट्टी म्हणाले, "श्रियाराव, मीठ." आम्ही हसलो. मग वहिनींनी त्यांना गरम भाकरी वाढली.

"थँक यू, शोभाराव."

वहिनींच्या हातातली दुसरी भाकरी तशीच राहिली. शिवरामरावांना ठसका लागला. पाणी पिऊन म्हणाले, "नाही, म्हणजे... बायकोला तसं नसतं."

"का?" पेन्ट्टींनी विचारलं. नुसतं 'का'. दिवसाची दोन वाक्यं केव्हाच संपली होती.

"हो, सांगा ना," वहिनी उभ्यानेच म्हणाल्या. "का?"

श्रियाने मान खाली घातली. मीही ताटात बघितलं, पण कान कुठे खाली घालता येतात? समोरच्या भिंतीवर वडिलांचा फोटो होता. गावी कुणी कधी न उच्चारलेलं नाव शिवरामरावांनी स्वतः पितळी पट्टीवर कोरून घेतलं होतं: श्रीपतराव. त्या पट्टीकडे ते बघत बसले. भाकरी निवली. शेवटी उठले आणि शेजारची खुर्ची मागे ओढली.

"बसा, शोभाराव," ते म्हणाले. "मी वाढतो."

लग्न झालं. पेन्ट्टी परत गेले. जाताना लाइट रेलच्या ड्रायव्हरलासुद्धा 'थँक यू, राव' म्हणून गेले. शिवरामराव शब्दाला पक्के. आता बायकोला 'अहो' म्हणतात, चारचौघांतसुद्धा. परवा मी बसलो असताना आत हाक मारली, "अहो, चहा घेणार का?"

आतून आवाज आला, "मोई! मितास सुल्ले?"

शिवरामराव माझ्याकडे बघून कसनुसं हसले. वहिनी म्हणतात, सराव सोडला की भाषा विसरते.