तेओफिलाचं उत्तर

पास्कुआ गावात कुणी "लिओस एम चानिया" म्हटलं, म्हणजे देव तुझं रक्षण करो, की उलट म्हणायचंच, "लिओस एम चिओकोए", देव तुला क्षमा करो. तेओफिला म्हातारी पोस्टमनलासुद्धा हे उत्तर देई, फक्त धाकट्या भावाला, एलिहिओला, देत नसे. आईच्या वर्षाच्या विधीला सगळ्यांच्या गळ्यातले सुतकाचे काळे दोरे तोडले, तेव्हा हा पठ्ठ्या दारू पिऊन कापसाच्या शेतावर पडला होता. विधी त्याच्यावाचून उरकावा लागला. तेव्हापासून तो दारात येऊन "लिओस एम चानिया" म्हणे आणि ही खाली मान घालून घेवड्यातले खडे वेचत बसे. म्हातारी भारी खट होती.

यंदा एलिहिओनं चापायेका व्हायचं व्रत घेतलं. येशूच्या वैऱ्यांचं सोंग ते. मुखवट्याआड दातांत जपमाळेचा क्रूस धरायचा आणि ब्र काढायचा नाही. ईस्टरच्या आदल्या शनिवारी देवळातून फुलांचा मारा झाला की वैरी हरतात, मुखवटे आगीत जातात. मग प्रत्येकाच्या डोक्यावर शाल टाकून धर्माच्या आईनं त्याला देवळात पळवत न्यायचं. नेणारं कुणी नसेल, तर तो वैऱ्यांतच राहिला म्हणायचा.

नेमका त्या शनिवारी सकाळी एलिहिओच्या धर्माच्या आईचा, शेजारच्या दामियानाचा, पाय मुरगळला.

"ही शाल घे. त्याच्याबरोबर तू धाव," दामियाना म्हणाली.

"माझे गुडघे बघ आधी."

"गुडघ्यांचं मला नको सांगूस. काल टोपलीभर फुलं गोळा करत गावभर हिंडलीस."

"दुसरं कुणी बघ."

"आत्ता? आणि तो काय तोंडानं सांगणार आहे, मला कुणी नाही म्हणून?"

तेओफिला शाल काखेत मारून तणतणत निघाली. देवळासमोर घंटा वाजल्या, फुलं उडाली, मुखवटे आगीत पडले. ज्याची त्याची माणसं ज्याला त्याला घेऊन पळाली. लांब कानांचा मुखवटा तेवढा दोन्ही हातांत धरून एलिहिओ इकडेतिकडे बघत उभा होता. घामानं थबथबलेल्या त्याच्या गळ्यात तो काळा दोरा अजून होता, मळून चिवट झालेला. इतकी वर्षं त्यानं तो स्वतःच्या हातानं तोडला नव्हता. तेओफिलानं काखेतली शाल काढली.

"टाक ते आगीत, बघतोस काय!" म्हणत तिनं त्याच्या डोक्यावर शाल टाकली आणि दंड धरून त्याला ओढत धावली.

देवळात दोघं धापा टाकत गुडघ्यांवर बसली. त्यानं तोंडातला क्रूस काढला. न बोलून घसा पार बसला होता.

"आको," तो म्हणाला. थोरल्या बहिणीला तो लहानपणापासून हेच म्हणे. "लिओस एम चानिया."

समोर खडे वेचायला घेवडा नव्हता. तिनं शालीखाली हात घालून तो दोरा चाचपला.

"लिओस एम चिओकोए," ती म्हणाली.