पाहुणी गाडी

दारवाल्यांना खरं नाव होतं, पण ते फक्त हजेरीच्या कागदावर. सव्वीस वर्षं त्यांनी मोटारींना दारं बसवली होती. बिजागरी आवळायची, दार लावून बघायचं, फटीवरून बोट फिरवायचं, पुन्हा सैल करायचं. दार कुठे केसभर उतरलंय ते डोळे मिटून नुसत्या आवाजावरून सांगायचे. घरी कपाटाचं दार जोरात लागलं की बायको म्हणायची, "झालं, आता बसतील ऐकत."

शहराच्या दुसऱ्या टोकाला दुसरी मोटार कंपनी होती. दोघींची चुरस जुनी. आधी कुणाची गाडी जास्त पळते यावरून, मग कुणाची जास्त देखणी यावरून. त्यात एका वर्षी पलीकडच्यांनी एक उंच, चौकोनी गाडी काढली. इकडे सगळे तिला खोकं म्हणून हसले, आणि खोकं धडाधड खपलं.

मग इकडे नवे मोठे साहेब आले. डिझाइनवाल्यांनी नव्या गाडीचं छत चार बोटं खाली आणलं, दार निमुळतं केलं. गाडी दिसायला अशी, की रस्त्यावर माणसं माना वळवून बघत. साहेबांनी सगळ्यांना अंगणात जमवून सांगितलं, "समोरच्यांकडे आपल्यापेक्षा मोठी यंत्रं आहेत. आपल्याकडे वेड पाहिजे. जो स्वतःच्या गाडीवर जीव टाकत नाही, तो दुसऱ्याला ती कशी विकणार?" दारवाल्यांच्या अंगावर काटा आला. इतक्या वर्षांत त्यांच्या मनातलं असं कुणी बोललंच नव्हतं.

त्याच आठवड्यात नियम निघाला. आपल्या कंपनीची गाडी आत, फाटकाजवळ. दुसऱ्या कंपनीची असेल तर मागे, भंगाराच्या आवाराला लागून. चुकून कुणी आत लावली तर काचेवर पिवळा स्टिकर: 'पाहुणी गाडी'. त्यासाठी समिती नेमली. दारवाल्यांनी आपणहून नाव दिलं. त्यांना त्यात मजा येऊ लागली. मधल्या सुट्टीत चहाचा पेला एका हातात, स्टिकरांचा गठ्ठा दुसऱ्या हातात, आणि मागे हसायला आठ-दहा जण.

एका दुपारी फाटकाजवळ एक खोकं उभं दिसलं. शिलाई विभागातल्या ताईंचं. सीटची कव्हरं शिवणाऱ्या या ताई कमी बोलायच्या, दारवाल्यांना 'दादा' म्हणायच्या. त्यांनी खोकं घेतलंय हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण रोज त्या मुकाट्याने मागे लावत.

दारवाल्यांना स्फुरण चढलं. त्यांनी टपावर थाप मारली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "आज बटाटे आलेत वाटतं पोतं भरून. एवढ्या उंच खोक्यात दुसरं भरणार काय?"

मागचे खो खो हसले. तेवढ्यात काळसर काच खाली झाली. आत एक माणूस बसला होता. उजवा पाय काठीसारखा सरळ, पुढे ताणलेला.

"मी आहे," तो शांतपणे म्हणाला. "तिचा नवरा. डॉक्टरांकडे जायचंय. ती पाचच मिनिटांत येतेय."

हसणं बंद झालं. त्या क्षणी दारवाल्यांना माफी मागता आली असती. निदान गप्प राहून परत फिरता आलं असतं. पण मागे आठ-दहा जण उभे होते, आणि मागे फिरायला त्यांच्या जिवावर आलं. "नियम सगळ्यांना सारखा," ते म्हणाले, आणि त्या माणसाच्या डोळ्यांदेखत त्यांनी काचेवर स्टिकर चिकटवला. वर तळव्याने घासून गुळगुळीतही केला. हाताला सवयच होती.

ताई आल्या. त्यांनी स्टिकर पाहिला, दारवाल्यांकडे पाहिलं, गाडी सुरू केली आणि निघून गेल्या.

दारवाले कामावर परतले, पण त्या दिवशी एकही दार त्यांच्या मनासारखं बसेना. वर्षापूर्वीचं एक बोलणं डोक्यात घोळत होतं. ताई त्यांच्याजवळ येऊन विचारत होत्या, "दादा, यांचा पाय गुडघ्यात वळत नाही, पडल्यापासून. आपल्या नव्या गाडीच्या दारातून बसता येईल का त्यांना?" आणि मान वर न करता ते म्हणाले होते, "ताई, ही तरण्याताठ्यांची गाडी आहे." ताई आधी त्यांच्याकडेच आल्या होत्या. आपलीच गाडी घ्यायला आल्या होत्या.

संध्याकाळी घरी बायकोने ताट वाढलं. बातमी तिच्यापर्यंत पोचली होती. "आत माणूस बसलाय हे दिसल्यावरही चिकटवलंत?" तिने एवढंच विचारलं. दारवाल्यांनी होकारार्थी मान हलवली.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तपासणीच्या जागेवर कुणी नाही असं बघून त्यांनी उजव्या पायाला लाकडी पट्टी बांधली आणि नव्या गाडीत बसायचा प्रयत्न केला. आधी पाय घातला तर डोकं आपटलं. आधी डोकं घातलं तर पाय बाहेर. तिसऱ्या खेपेला ते दारातच असे अडकले, की सुटायला पट्टी सोडावी लागली. स्वतःच्या हाताने बसवलेलं दार. कपाळावर टेंगूळ आलं.

रविवारी ते ताईंच्या घरी गेले. नवऱ्याने भिंतीला धरत येऊन दार उघडलं, पाणी दिलं, जणू काही घडलंच नव्हतं. त्याने तक्रार केली असती तर बरं, असं दारवाल्यांना वाटलं. शेवटी ते कसेबसे म्हणाले, "ताई, माझं चुकलं. माफ करा."

ताई म्हणाल्या, "इथे चार भिंतींत माफी मागून काय होणार? हसलात सगळ्यांसमोर. बोलायचं असेल तर तिथेच बोला."

महिन्याच्या सभेत साहेबांनी नेहमीप्रमाणे विचारलं, "कुणाला काही सांगायचंय?" दारवाले उठले. माइक हातात घेतला. समोर चारशे माणसं, तिसऱ्या रांगेत ताई. तोंडातून निघालं ते असं, "साहेब, आपलं दार अरुंद आहे. ज्याचा पाय गुडघ्यात वळत नाही, तो माणूस त्यात बसू शकत नाही. मी स्वतः करून पाहिलं." पट्टीची हकीकत त्यांनी सांगितली, टेंगळाचीही. स्टिकरचं नावसुद्धा काढलं नाही. ताईंचंही नाही.

साहेब खूश झाले. "बघा, याला म्हणतात वेड," ते म्हणाले. टाळ्यांचा कडकडाट झाला. दारवाल्यांनी तिसऱ्या रांगेकडे बघायचं टाळलं.

पुढच्या गाडीचं दार तीन बोटं उंच झालं, उंबरठा खाली आला. म्हाताऱ्या माणसांना ती आवडली, चांगली खपली. कंपनीच्या मासिकात दारवाल्यांचा फोटो छापून आला. शेजारी पेढे मागायला आले तेव्हा ते न्हाणीघरात जाऊन बसले. ताई मात्र अजूनही भंगाराच्या आवारापासून चालत येत होत्या.

आणखी सहा आठवडे गेले. मग एका मंगळवारी, चहाच्या सुट्टीत, जिथे ते खोकं उभं होतं तिथे दारवाले थांबले. त्या दिवशी हसलेले बहुतेक जण होते. ताईंना त्यांनी निरोप पाठवून बोलावून घेतलं होतं.

"त्या दिवशी यांच्या यजमानांना मी बटाट्याचं पोतं म्हणालो," ते म्हणाले. "आत माणूस आहे हे कळल्यावरही स्टिकर लावला, कारण तुमच्यासमोर माघार घ्यायची मला लाज वाटली. आणि दाराचं मला सुचलं नव्हतं. ताईंनी वर्षभर आधी विचारलं होतं, मी उडवून लावलं. टाळ्या त्यांच्या होत्या, मी घेतल्या."

कुणी पेल्यात बघू लागलं, कुणी बुटांकडे. एक जण उगाच खाकरला.

"बरं," ताई म्हणाल्या. त्यांचा चेहरा हलला नाही. "मशीन चालू ठेवून आलेय." आणि त्या गेल्या.

दारवाल्यांनी उरलेले स्टिकर कचेरीत जमा केले आणि समितीतून नाव कमी करा म्हणून लिहून दिलं. कारण विचारलं तर त्यांनी ते जसंच्या तसं लिहिलं. लिहितानाही कान तापले होते. ते तापणं पुढेही कधी पूर्ण गेलं नाही. कुणी दाराबद्दल त्यांचं कौतुक करू लागलं की ते मध्येच थांबवून ताईंची गोष्ट सांगत, स्वतःच्या वाक्यासकट, आणि दर वेळी पोत्यापाशी आले की अडखळत.