मापाची वही

टेलरबाईंचा एक नियम होता, आणि ब्रह्मदेव आला तरी तो मोडायचा नाही. गिऱ्हाइकाचं माप तोंडाने बोलायचं नाही! टेप लावायची, आकडा वहीत लिहायचा, वही मिटायची. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली, बाकावर कायम चार बायका बसलेल्या. कुणाची कंबर किती वाढली, याची त्यांना काय पंचाईत? बावीस वर्षांत एकीचाही आकडा त्या वहीतून बाहेर पडला नव्हता.

त्यांची लेक दहा वर्षांची. बोलताना अडखळायची, आणि ‘प’ आला की गाडी रुतलीच म्हणून समजा. शाळेतून आली की मशीनशेजारी बसून धडा मोठ्याने वाचायची. ती अडली की टेलरबाई मशीन थांबवायच्या आणि गप्प बसून वाट बघायच्या. शब्द तोंडात घालायच्या नाहीत. तिचा तिला सापडला की मशीन पुन्हा सुरू. असं करत करत चार वर्षांत पोरगी पानभर वाचायला लागली होती.

आणि तिच्या वर्गशिक्षिकेला नेमकी तेव्हाच काय अवदसा आठवली! पोरीला वर्गात उभं केलं, वाचायला लावलं, समोर मोबाइल धरला आणि तो व्हिडिओ शाळेच्या फेसबुक पानावर टाकून दिला. वर लिहिलं, ‘अडखळत का होईना, आमची मुलं वाचतात!’ आईला विचारायचं? छे! आईला कळलं ते गिऱ्हाइकाकडून. कपडे न्यायला आलेल्या बाईने मोबाइलच पुढे केला, “अगंबाई, ही तुमचीच ना? किती गोड प-प-प करते!” टेलरबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आतल्या खोलीत लेक भिंतीकडे तोंड करून बसली होती. तीन दिवस तिने पुस्तक का उघडलं नव्हतं, ते आता कळलं.

दुसऱ्या दिवशी टेलरबाई शाळेत थेट शिक्षकांच्या खोलीत गेल्या, काखेत मापाची वही घेऊन. त्या मॅडमचे सगळे कपडे त्यांच्याकडेच शिवलेले.

“अहो ताई, कौतुक म्हणून टाकला,” मॅडम म्हणाल्या. “हल्ली सगळेच टाकतात. एवढं काय त्यात?”

टेलरबाईंनी वही उघडली. “हे तुमचं पान. मागच्या वर्षीचं माप आणि आत्ताचं. वाचू मोठ्याने? कौतुक म्हणून?”

खोलीतल्या सगळ्या शिक्षकांनी माना वर केल्या. मॅडम पांढऱ्याफटक पडल्या. “नको, नको! हे खासगी असतं हो!”

“आणि माझ्या लेकीची जीभ? ती चव्हाट्यावर मांडलेली चालते?”

वाचून टाकावं असं फार वाटलं. आकडा अगदी ओठांवर आला होता. पण टेलरबाईंनी वही मिटली. मॅडमनी व्हिडिओ तिथल्या तिथे काढून टाकला. काढून काय उपयोग? बैल गेला आणि झोपा केला! तोवर तो घराघरांतल्या मोबाइलमध्ये जाऊन बसला होता.

आठवड्याने लेक पुस्तक घेऊन मशीनशेजारी बसली. टेलरबाईंना हायसं वाटलं. दुसऱ्याच ओळीत ती ‘प’वर अडली, तशी त्यांनी सवयीने मशीन थांबवलं.

लेकीने दचकून दाराकडे पाहिलं. “थांबवू नकोस ना, आई. चालूच ठेव. बाहेर ऐकू जातं.”

टेलरबाईंनी दात-ओठ खात मशीन दामटलं. कापड संपलं तरी पाय थांबले नाहीत. लेक शेजारी बसून वाचत होती, आणि त्या खडखडाटात तिचा एकही शब्द त्यांना ऐकू येत नव्हता.