मिलानमध्ये उलटा घातलेला कोट

सुचित्रा मोघेच्या हातात कुठलाही कपडा पडला की ती तो आधी उलटा करते. आमची ओळख एका मुंजीच्या हॉलमध्ये झाली. बोलायला लागून पाच मिनिटंही झाली नव्हती, तेवढ्यात तिने माझ्या जॅकेटची कड उचलून आत डोकावून पाहिलं आणि म्हणाली, "आतलं कॅनव्हास चिकटवलंय, शिवलेलं नाही. हे धुऊ नका." मग ती जिलबी घ्यायला निघून गेली. तेव्हापासून माझ्या सगळ्या पँटी तिच्याकडेच आखूड होतात.

ऑस्ट्रेलियातल्या टार्निटच्या एका शॉपिंग सेंटरमध्ये, किल्ल्या बनवणाऱ्याच्या शेजारी, तिचं ऑल्टरेशनचं दुकान आहे. दोन मशिनं, एक इस्त्री आणि पडदा लावून केलेला ट्रायल रूमचा कोपरा. ती आणि तिचा नवरा दीनानाथ दोन हजार आठ साली पुण्याहून इथे आले. तो विद्यार्थी म्हणून, ती त्याच्या व्हिसावर. दीनानाथने हॉटेलचा डिप्लोमा केला, आणि आता तो बस चालवतो. सुचित्राने आधी एका युनिफॉर्मच्या कारखान्यात सहा वर्षं नुसत्या कॉलरी लावल्या. कॉलरीशिवाय दुसरं काही शिवायला मिळावं, एवढ्यासाठीच तिने हे दुकान काढलं.

गेल्या वर्षी त्यांची लेक अनुष्का नोकरीला लागली. तिने पहिली मोठी गोष्ट केली ती म्हणजे आई-बाबांना युरोपच्या टूरवर पाठवलं. अकरा दिवस, नऊ शहरं, रोज वरण-भात. "You two never go anywhere," असं म्हणून तिने तिकिटं फोनवर पाठवून दिली.

कार्यक्रमात आठव्या दिवशी लिहिलं होतं: मिलान, मोकळा दिवस, शॉपिंग. बाकी सगळी मंडळी टूरच्या बसमधून गावाबाहेरच्या सेलच्या दुकानांत जाणार होती. सुचित्रा म्हणाली, "उरलेला माल बघायला मी एवढ्या लांब आलेली नाही."

तिला एक कोट बघायचा होता. त्याचा फोटो तिने फोनवर चार महिने जपून ठेवला होता. लांब, गडद निळा, लोकरीचा. तो मोठा करकरून तिने खांदा शोधला होता, पण बाही कुठे सुरू होते आणि खांदा कुठे संपतो, तेच तिला कळत नव्हतं.

"विकत घ्यायचाय?" दीनानाथने घाबरून विचारलं.

"वेडा आहेस का? बघायचाय. आतून."

दुकानाच्या दारावर सूट घातलेला रक्षक होता. त्या रस्त्यावरच्या प्रत्येक दुकानाला असा एक असतो. आत शिरण्याआधी सुचित्राने नवऱ्याला कामाची वाटणी समजावली. "टेप काढली तर हाकलून देतील. मी वितीने मोजणार. आतून ओरडेन, तू फोनवर लिहून घे. आणि बाकी वेळ नुसता कंटाळून बस. श्रीमंत नवरे तसेच बसतात."

"ते मला जमेल," दीनानाथ म्हणाला.

काळ्या पोशाखातल्या विक्रेत्या मुलीने आधी दीनानाथच्या पांढऱ्या बुटांकडे पाहिलं, मग सुचित्राकडे. सुचित्राने कोटाकडे बोट दाखवलं. किंमत विचारली नाही. किंमत न विचारणारं गिऱ्हाईक बघून मुलगी एकदम नरम झाली. तिने कोट हँगरवरून असा उतरवला, जणू झोपलेलं बाळ उचलतेय. दीनानाथला मखमली सोफ्यावर बसवलं आणि कॉफी आणून दिली.

थोड्याच वेळात ट्रायल रूममधून आवाज आला, "पाठीच्या मध्यापासून मनगटापर्यंत चार वीत!"

दीनानाथने लिहिलं.

"उंची पाच वीत, तीन बोटं!"

तेही लिहिलं. मुलगी जवळ आली आणि इंग्रजीत तिने हळूच विचारलं, मॅडमना काही हवंय का?

आता दीनानाथ रोज पन्नास प्रकारच्या प्रवाशांना उत्तरं देणारा माणूस. तो गंभीर चेहऱ्याने म्हणाला, "प्रार्थना करतेय. मोठी खरेदी करण्याआधी आमच्यात करतात."

मुलीने मान हलवली आणि दुकानातलं संगीत बारीक केलं. शिवाय दुसरी कॉफी आणली.

तेवढ्यात आतून सुचित्रा खो-खो हसायला लागली. "दिनू! अरे कळी आहे! बगलेत कळी आहे! खांद्याला शिवणच नाही, पाठ आणि बाही एकाच तुकड्यातून कापलीय. आपल्या आजोबांच्या सदऱ्याला असायची ना, तस्सं! चार बोटं चौकोनी तुकडा! लिही!"

प्रार्थनेत एवढं हसतात का, असा प्रश्न मुलीच्या चेहऱ्यावर उमटला. ती गेली आणि एका वयस्कर बाईंना घेऊन आली. पांढरे केस, गळ्यात चष्मा, त्या मजल्याच्या व्यवस्थापक असाव्यात. त्यांनी दारावर टकटक केलं आणि दार अर्धं उघडलं.

सुचित्रा आरशासमोर कोट उलटा घालून उभी होती. अस्तर बाहेर, एक हात वर, दुसऱ्या हाताची बोटं बगलेत.

"आतून फार छान आहे," ती इंग्रजीत म्हणाली.

"लोक साधारणपणे बाहेरून बघतात," बाई म्हणाल्या.

नेमका त्याच क्षणी सोफ्यावरून दीनानाथ ओरडला, "तीन बोटं म्हणालीस की चार?" आणि खात्री करायला त्याने स्वतःची चार बोटं हवेत धरली. बाईंनी ती बोटं पाहिली, सुचित्राची वीत पाहिली, आणि त्यांना मराठी न येताही सगळं कळलं.

"तुम्ही कपडे शिवता," त्या म्हणाल्या.

खोटं बोलता आलं असतं. पण कुणी असं तोंडावर म्हटलं की सुचित्राला नाही म्हणवत नाही. "हो. ऑस्ट्रेलियात."

बाईंनी कोट तिच्या अंगातून काढून घेतला, सुलटा केला, एकेक बटण लावलं. मग हनुवटी वर करून म्हणाल्या, "मोजून उपयोग नाही. असं कापड तुम्हाला मिळणार नाही. याची लोकर खास आहे. तुमच्याच ऑस्ट्रेलियातून येते."

"मग ती आमच्याच घरची की!" सुचित्रा म्हणाली, आणि ती इतकी मनापासून हसली की बाईंच्या ओठांचा कोपराही जरा हलला. त्यांनी दार मात्र स्वतः उघडून धरलं. याचा अर्थ स्पष्ट होता.

जाताजाता दीनानाथने त्या मुलीकडे एक रिकामी पिशवी मागितली. बिचारीने दिली. जाड कागदाची, रेशमी फितीची. त्यात पाण्याची बाटली आणि टूरवाल्यांचे ठेपले घालून दोघं निघाले, आणि चमत्कार झाला. पुढच्या चार दुकानांत त्यांना दारातच खुर्च्या मिळाल्या. एका ठिकाणी तर सुचित्राने अकरा कपडे उलटे केले, तरी कुणी हूं की चूं केलं नाही. ठेपले त्यांनी मोठ्या चर्चसमोरच्या चौकात खाल्ले.

दुपारी एका गल्लीत तिला तुकड्यांचं कापड विकणारं जुनं दुकान सापडलं. ठाणाच्या शेवटचं साडेतीन मीटर निळं लोकरीचं कापड, कडेला बारीकसा डाग. म्हातारा दुकानदार आणि ती, दोघांची भाषा एक नाही, पण दोघांनी ते कापड मुठीत चुरगाळून सोडलं आणि एकाच वेळी मान हलवली. दिवसभरात तेवढीच एक खरेदी झाली.

घरी येऊन तिने कोट शिवला. अंगात घातला, आणि हातच वर होईना. कळी लहान पडली होती.

"तू तीन बोटं लिहिलीस!"

"तू तीन आणि चार दोन्ही म्हणालीस. आणि बोटं तुझी की माझी, तेही सांगितलं नाहीस."

दोन दिवस अबोला झाला. मग तिने कळी उसवून चारची केली.

इथल्या जुलैच्या कडाक्याच्या थंडीत मराठी मंडळाचा कार्यक्रम होता. सुचित्रा तो कोट घालून आली आणि बायकांचा घोळका जमला. मयूरा त्यांची म्होरकी. "मिलानची शॉपिंग का गं?"

"नाही गं, मी शिवलाय. कापड तेवढं मिलानचं."

खरं तेच तिने सांगितलं. कुणी विश्वास ठेवला नाही. मयूरा मला बाजूला घेऊन म्हणाली, "किंमत सांगायची नसेल तर नको सांगू दे, पण एवढं लपवायचं कशाला?"

पुढच्याच आठवड्यात ती दुकानात हजर. "मला पण तसाच आणून दे. तुझी तिथे ओळख आहे ना?"

"अगं, मीच शिवते," सुचित्रा म्हणाली. "टेप आण इकडे, मापं घेते."

"हो हो, तूच शिवतेस," मयूराने डोळा मारला आणि दोन्ही हात पसरून उभी राहिली.

सहा आठवड्यांनी कोट तयार झाला. मयूराने तो छातीशी धरून विचारलं, "कस्टमवाल्यांनी त्रास नाही ना दिला?"

"अजिबात नाही," सुचित्रा म्हणाली. हे उत्तरही खरंच होतं.

परवा पँट आणायला गेलो तेव्हा मी सुचित्राला विचारलं, कोट मिलानहून येतात असं लोकांना वाटू देणं बरं दिसतं का? ती मशिनवरून मान वर न करता म्हणाली, "मी प्रत्येकीला तीन-तीनदा सांगते. त्यांना ऐकायचंच नाही, त्याला मी काय करू?"

आत्तापर्यंत चार कोट गेले. पाचवा मशिनवर होता, आणि तो दीनानाथचा. शेजारी उभं राहून तो हट्ट करत होता की खिसे खोल हवेत, ड्युटीवर सँडविच मावलं पाहिजे.